बाटलीचा उजेड

बत्तीस वर्षं मी आमच्या मालाबोन शहरातल्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवलं. प्रकाश सरळ रेषेत जातो, मधे काही आलं की सावली पडते, हे किती पोरांकडून घोकून घेतलं असेल देव जाणे. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली गल्लीत कुजबुज आहे की पुरिंगबाई निवृत्त झाल्या आणि त्यांचा एक स्क्रू ढिला झाला. स्क्रू सगळे जागच्या जागी आहेत. माझ्याकडे वही आहे, तारीख आणि वेळ घालून लिहिलेली. मी सांगणार आहे ते सगळं त्या वहीत आहे.

आमच्याकडे पाऊस नसतानाही पूर येतो. भरती आली की खाडीचं पाणी गटारातून वर चढतं, भर उन्हात गल्लीभर पसरतं आणि ओहोटीला निमूट परत जातं. त्यावर इलाज एकच, घरातली जमीन उचलायची. नानाय, म्हणजे आमची आई, होती तेव्हा दोनदा भर घातली, ती गेल्यावर आणखी एकदा. जमीन वर आली, छप्पर मात्र जिथल्या तिथे. मागच्या जेवणघराची खिडकी आता माझ्या पोटरीपाशी आहे आणि तिच्यातून दिसते ती शेजाऱ्यांची भिंत. उंच माणूस ताठ उभा राहिला तर त्याचे केस पत्र्याला लागतात.

तर अशा त्या जेवणघरात भर दुपारी बाराला संध्याकाळ असायची. भिंतीवर घरोघरी असतात तसे हातभर लांबीचे लाकडी चमचा-काटा आणि येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र. चित्राचा उजवा कोपरा जळालेला, एक शिष्य पार गेलेला. टेबलावर पांढरं मेणकापड. भिंतीत जिथे दिव्याचं बटण होतं तिथे चिकटपट्टीचा बोळा. त्या बोळ्यामागची हकीकत सांगावीच लागेल.

माझा धाकटा भाऊ रुएल वायरमन. जेवणघरातली वायरिंग त्यानेच केली होती. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी त्या बोर्डात ठिणगी उडाली, पडदा पेटला, चित्राचा कोपरा जळला. कुणाला इजा झाली नाही. पण पुढच्या रविवारी पाहुणे जेवायला बसलेले असताना ताताय म्हणाले, स्वतःच्या बापाच्या घरात एक दिवा धड लावता येत नाही, आणि लोक याला वायरमन म्हणतात. ताताय म्हणजे आमचे वडील, मकारियो. तोंडाचे फटकळ, पण त्या दिवशी जे बोलले ते फटकळपणाच्या पलीकडचं होतं. रुएलने चमचा खाली ठेवला, उठला आणि पिशवी भरायला आत गेला.

आमच्यात कोणी जेवणाच्या मध्येच उठून निघालं तर मागे बसलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी फिरवायचं असतं. म्हणजे गेलेला सुखरूप पोचतो. यात विज्ञान काही नाही, मला कळतं, पण ते कोणी चुकवत नाही. शाळेच्या कँटीनमध्ये मुख्याध्यापकसुद्धा फिरवायचे. माझा हात ताटाकडे गेला. ताताय म्हणाले, "कुणी ताट फिरवायचं नाही." मी हात मागे घेतला. पन्नाशीची बाई मी, शंभर पोरांना एका नजरेत गप्प करणारी, आणि हात मागे घेतला. याची मला आजही लाज वाटते.

रुएल गेला. संध्याकाळी ताताय पकड घेऊन आले, जेवणघराच्या वायरा त्यांनी स्वतः तोडल्या आणि म्हणाले, आता लावला तर इथे दिवा त्यानेच लावायचा, दुसऱ्या वायरमनचा हात या भिंतीला लागणार नाही. मला वाटलं दोन दिवसांचा राग आहे. रुएलची नववर्षाची दोन पत्रं आली, सेबूच्या गोदीतून. तिसऱ्या वर्षी काहीच आलं नाही. मी लिहिलेलं पाकीट शिक्के खाऊन परत आलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले तेव्हा ताताय शहाऐंशीचे होते. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हृदय असं की डॉक्टर शस्त्रक्रियेला हात लावेनात. त्यात मार्च महिन्यात त्या अंधारात माशाचा काटा त्यांच्या घशात अडकला. काटा निघाला, पण धसका राहिला. ताटात काय आहे ते दिसायचं नाही, म्हणून घास उचलायचे नाहीत. तीन चमचे पेज की झालं. मी म्हटलं, पुढच्या खोलीत उजेड आहे, तिथे बसू. तर म्हणे जेवण टेबलावर असतं, मी काय आजारी आहे. एप्रिलमध्ये वजन एक्केचाळीस किलो भरलं. डॉक्टरीणबाई माझीच विद्यार्थिनी, तिने आडपडदा न ठेवता सांगितलं की हे असं चाललं तर पावसाळा निघणार नाही.

ताताय एकदाच बोलले मनातलं. मी त्यांची नखं कापत होते. म्हणाले, "तो आला तर मी असेन ना गं?" मी म्हटलं, असाल की. तेव्हापासून मला बाकी काही नको होतं. रुएल कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. तो येईपर्यंत या माणसाला जेवत ठेवायचं, तेवढंच माझ्या हातात होतं.

मी काय काय केलं नाही. चार्जिंगचा दिवा आणला, तो डोळ्यांत जातो म्हणून त्यांनी पालथा घातला. मेणबत्ती लावली, तर त्यांनी खुर्ची मागे सरकवली, आगीची आठवण. पुढच्या दारात आरसा टेकवून ऊन आत पाडलं, ते दहा मिनिटांत टेबलावरून उतरून गेलं. आणि वायरमन बोलवायचा नाही. मी त्यांचा शब्द मोडला असता, खोटं कशाला सांगू, पण तातायांचे कान तिखट. भिंतीला ड्रिल लागलेलं त्यांना स्वर्गातही ऐकू गेलं असतं.

शेवटी तेबानने सुचवलं. तेबान सकाळी गल्लीत मासे विकतो आणि दुपारी लोकांचे पत्रे दुरुस्त करतो, बोलतो मात्र दोन्ही वेळा. म्हणाला, "बाई, तुम्ही विज्ञानाच्या आणि तुम्हाला बाटली माहीत नाही?" माहीत होती. वर्गात आकृती काढून शिकवली होती. खालच्या वस्तीत निम्म्या घरांत आहे. घरात करायचं तेवढं सुचलं नव्हतं.

अकरा मे. लिंबूसरबताची दीड लिटरची बाटली, आतून-बाहेरून घासलेली. त्यात गाळलेलं पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणं ब्लीच. तेबानने जेवणघराच्या पत्र्याला कात्रीने गोल भोक पाडलं, बाटली अर्धी वर अर्धी खाली अशी बसवली, कडेने गळती बुजवायची पेस्ट लावली. वायर नाही, बटण नाही. वरचं ऊन पाण्यात शिरतं आणि खाली चहूकडे पसरतं, पन्नास वॅटच्या दिव्याएवढं. शिडीवरून उतरता उतरता तो म्हणाला की आता माशातला काटा काय, माशाचं वयही दिसेल.

मी तातायांना आणून बसवलं. ते बराच वेळ मेणकापडावरून हात फिरवत राहिले.

"कोणी लावला?"

"कोणी नाही. ऊनच आहे ते, बाटलीतून आलेलं."

त्यांनी मान वर केली. मग ताटाकडे बघून विचारलं की हा मासा एवढाच का आणला. त्या दिवशी त्यांनी अख्खा मासा खाल्ला, वर वाटीभर भात मागितला. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंड धुवायच्या निमित्ताने रडून घेतलं.

चौदा तारखेला पहिली गोष्ट लक्षात आली. बाटलीचा उजेड पसरट असतो, त्यात सावल्यांच्या कडा पुसट पडायला हव्यात. आमच्या टेबलावर त्या रेखीव होत्या. पेल्याचा कान, चमच्याची मान, तातायांच्या बोटांचे सांधे, सगळं कात्रीने कापल्यासारखं. मी वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग म्हटलं ब्लीचचं प्रमाण चुकलं असेल.

अठरा तारखेला ताताय पाणी प्यायले. त्यांच्या हाताच्या सावलीने पेला आधी उचलला, हाताने नंतर.

मी चष्मा पुसला. दुसऱ्या घोटाला घड्याळ समोर धरून बघितलं. दोन सेकंद. माझ्या स्वतःच्या हाताचंही तेच, मी भाताकडे हात न्यायचं मनात आणायच्या आत सावली भातात पोचलेली. मी मुद्दाम हात रोखून धरला. सावली चमचा उचलून थांबली, आणि मग मला शिंक आली, धक्क्याने चमचा ताटातून घसरला आणि तो पडू नये म्हणून मी उचललाच. त्यानंतर मी हात रोखून बघायचं सोडून दिलं.

एकवीस मे, पाच सेकंद. तेवीस, अकरा. सव्वीस, चाळीस. मी बाटली बदलली, पाणी बदललं, ब्लीच न घालताही भरून पाहिलं. टेबल वीतभर सरकवलं. बाटलीवर पातेलं उपडं घातलं की अंधार व्हायचा, काढलं की सावल्या पुन्हा आपल्या पुढे. मी घाबरले का, तर हो, घाबरले. पण समोर ताताय जेवत होते. पेज सोडून भात, भातावर कालवण, वर पिकलेलं केळं. शिक्षकाने एकच काय ते मोजावं, म्हणून मी वजन मोजत राहिले. तीस मेला साडेत्रेचाळीस.

त्याच दिवशी आमच्या टेबलावर फक्त मुगाची आमटी होती, आणि मेणकापडावर सावली पडली होती एका मोठ्या माशाची. शेपटी ताटाबाहेर आलेली, पोटात काहीतरी भरलेलं. तीन दिवसांनी, दोन जूनला, तेबान सकाळी हातात अख्खा बांगूस मासा घेऊन आला, बाईंच्या बाबांच्या तब्येतीसाठी, पोटात कांदा-टोमॅटो भरून भाजलेला. ताट लहान पडलं. शेपटी बाहेर आली.

यानंतर मी सेकंद मोजणं बंद केलं.

तातायांना हे काही दिसत नव्हतं. त्यांना ताट दिसायचं, माझा चेहरा अंधुक दिसायचा. पण एक वेगळंच त्यांनी सुरू केलं होतं. जेवण निम्म्यावर आलं की ते थांबायचे, दोन्ही हातांनी ताट धरायचे आणि जागच्या जागी एक पूर्ण फेरा द्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं मासा जवळ घेतायत. रोजच करायला लागले तेव्हा विचारलं.

"मधेच उठून गेला ना तो," ते म्हणाले. "उशीर झाला जरा."

मी माझंही ताट फिरवलं. अकरा वर्षांनी एखादं ताट फिरवून काय होणार, असं कुणी विचारेलही. आम्ही दोघं मात्र रोज फिरवायला लागलो.

बारा जून. बाहेर ढग होते, तरी उजेड पुरेसा होता. मी डाव्या हाताला, ताताय टोकाला, उजवीकडे रुएलची रिकामी खुर्ची. त्या खुर्चीपुढे मेणकापडावर दोन हातांची सावली होती. कोपरं टेकलेली, मनगटं रुंद. पुरुषाचे हात. ते शांतपणे भात कालवत होते.

माझा घास तोंडातच राहिला. मग मी वाकून नीट बघितलं आणि मनातली आशा तिथेच विझली. उजव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका आखूड होती, वरचं पेर नव्हतं. माझ्या भावाची दहाच्या दहा बोटं धड होती. म्हणजे हा रुएल नव्हता. मग आमच्या टेबलावर जेवणारा हा कोण, याचा विचार करत मी ती दुपार ओट्याशी उभी राहून काढली.

ते हात रोज दिसायला लागले. त्यांच्या जेवणाची पद्धत ओळखीची होती हेच जास्त वाईट होतं. भाताचा डोंगर करून मधे खळगा करायचा, त्यात कालवण ओतायचं. नानाय यावरून रुएलला ओरडायची. बोट सोडलं तर सगळं त्याचं होतं.

वीस जूनला तेबान मासे द्यायला आला आणि मी त्याला जेवायलाच बसवलं. खरं सांगायचं तर साक्षीदार हवा होता. त्याला चौथ्या खुर्चीवर बसवलं. तो बोलत बोलत बसला, पेल्याकडे हात नेला आणि गप्प झाला. तेबान गप्प झालेला मी तेव्हाच पाहिला. त्याच्या हाताखाली मेणकापड पांढरं होतं. हात उजेडात, खाली सावली नाही. रिकाम्या खुर्चीपुढे मात्र दोन हात मासा सोलत होते.

त्याने पेला न उचलता हात मांडीवर घेतला. मी त्याला हळू आवाजात समजावलं की या सावल्या आजच्या नाहीत, पुढच्या कुठल्यातरी दिवसाच्या आहेत, आणि त्या दिवशी तू आमच्याकडे जेवायला नसणार एवढाच याचा अर्थ. माणूस रोज थोडाच दुसऱ्याच्या घरी जेवतो. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. चपला पायात सरकवत दारातून म्हणाला, "बाई, म्हणाल तर आत्ता काढतो. पत्र्याला ठिगळ लावतो, फुकट."

मी आत बघितलं. ताताय बोटं चाटत होते. त्या आठवड्यात वजन साडेपंचेचाळीस होतं.

"राहू दे," मी म्हटलं.

पुढचे तेरा दिवस मी कशी राहिले ते मला सांगता यायचं नाही. दार वाजलं की मी आधी येणाऱ्याचा उजवा हात बघायचे. आखूड बोटाचा एक माणूस आमच्या टेबलावर येऊन जेवणार हे मला माहीत होतं. तो कोण आणि का, हे माहीत नव्हतं. एक गोष्ट धीर देत होती. सावलीतले ताताय रोज जेवत होते, आणि चांगलं जेवत होते.

तीन जुलै, दुपारचे साडेबारा. भरती होती, गल्लीत गुडघाभर पाणी आणि वर लख्ख ऊन. मी भात उतरवत होते. बाहेर कोणीतरी पाण्यातून चालत येत होतं, सावकाश, वाट आठवत यावं तसं. आवाज आमच्या पायरीशी थांबला.

हातात चपला, खांद्यावर पिशवी, केस निम्मे पांढरे.

"ताई," तो म्हणाला, "पाणी अजून इथपर्यंत येतं?"

मी त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. अनामिकेचं वरचं पेर नव्हतं.

मी त्याचा तो हात धरला आणि सोडेना. त्याला वाटलं मला बोटाचं वाईट वाटतंय, म्हणून तो समजूत घालायला लागला की जहाजावर केबलच्या वेटोळ्यात सापडलं, तीन वर्षं झाली, आता जाणवतही नाही. मी रडत होते आणि हसतही होते. आतून तातायांचा आवाज आला. त्यांनी विचारलं नाही कोण आहे.

"बस येऊन," ते म्हणाले. "भात निवतोय. आणि मधेच उठू नकोस."

रुएल जेवणघरात शिरला. डोकं पत्र्याला लागू नये म्हणून वाकला आणि तसाच वाकलेला वर बाटलीकडे बघत राहिला. मग तातायांच्या पायाशी बसला, त्यांचा हात घेऊन त्याने आपल्या कपाळाला लावला. ताताय त्याच्या डोक्यावरून, कानांवरून, गालांवरून हात फिरवत होते.

जेवायला बसल्यावर त्याने सांगितलं. अलीकडची सगळी वर्षं मालवाहू जहाजावर, वायरमन म्हणूनच. परत यायचं धाडस होत नव्हतं. मग मे महिन्यात काहीतरी झालं. जहाजावरची जेवणाची खोली पार तळाशी, तिला खिडकी नाही. तिथे रोज दुपारी त्याच्या ताटावर वरून उन्हाचा गोल पडायचा. आधी वाटलं दिव्यात बिघाड आहे. त्याने दिवे उघडून तपासले, बंद करून बघितले. दिवे बंद केले तरी गोल तसाच. हे बोलताना तो ओशाळला.

"मे महिन्यात कधी?" मी विचारलं.

"अकरा-बारा तारीख असेल. का?"

मी त्याला वाढत राहिले. म्हटलं, काही नाही, सहज.

तो म्हणाला उद्याच वायर ओढतो, तातायांना चांगली ट्यूब लावून देतो. ताताय हसले. कितीतरी वर्षांनी मी त्यांचे मागचे दात बघितले. मला दिसतंय तेवढं पुरे आहे, ते म्हणाले, तू आधी जेव. मग त्यांनी भाताकडे हात केला, आणि इतके दिवस मी जे नुसतं मनात मागत होते ते माझ्यासमोर होतं. माझे वडील, माझा भाऊ, भरलेलं टेबल. मी देवाचे आभार मानले, अगदी मनापासून.

मग सवयीने मेणकापडाकडे बघितलं.

सावल्या आजच्या नव्हत्या. टेबलावर आज भाजलेला बांगूस होता, सावलीत माशाच्या कालवणाच्या वाट्या होत्या, तीन-चार. तातायांची सावली जेवत होती. आखूड बोटाची सावली माशातले काटे काढून तातायांच्या ताटात ठेवत होती, काळजीपूर्वक, एकेक तुकडा चाचपून बघत. ते काम माझं. रुएलला ते येत नाही, त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मी माझ्या जागेकडे बघितलं.

तिथे ताटाची सावली नव्हती. पेल्याची नव्हती. माझ्या हातांचीही नव्हती.

मी मनात हिशेब केला. त्याचे हात पहिल्यांदा दिसले बारा जूनला. तो आला आज. एकवीस दिवस, आणि अंतर रोज वाढतंच आहे. म्हणजे जुलैची पंचवीस, किंवा थोडं पुढे. निवृत्त बाई दुपारी घरात नसायला हजार कारणं असतात. पेन्शनच्या कचेरीत रांग असते. बागिओला माझी मैत्रीण आहे, बत्तीस वर्षं ये ये म्हणते आहे, आता घर सोडून जाता येईल. तेबानलाही मी हेच सांगितलं होतं, आणि तेबान आज सकाळी गल्लीत ओरडत फिरत होता, चांगला धडधाकट.

मी हात पुढे केला. उजेड माझ्या बोटांवर पडला, नखांवर, मनगटावरच्या घड्याळावर. खाली मेणकापड पांढरंशुभ्र. मी बोटं हलवली.

"ताई, तू जेवत का नाहीस?" रुएलने विचारलं.

"जेवते," मी म्हटलं. "आधी इकडे बघ. माशाचे काटे कसे काढतात ते तुला दाखवते."

त्याने खुर्ची जवळ ओढली. मी पहिला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, मग दुसरा. माझ्या हातांखाली उजेडच होता. ताताय तोंड उघडून घासाची वाट बघत होते.